रविवारी सकाळी शंभर किलोमीटर: पुण्याबाहेरचा आपला रस्ता आपणच कसा हुडकायचा

ऑगस्टातल्या एका रविवारी ताम्हिणीला गेलो होतो, सकाळी साडेनवाला निघून. धबधबे दिसले, नाही असं नाही, पण त्याहून जास्त वेळ दिसली ती समोरच्या गाडीच्या काचेवरची 'आई तुळजाभवानी प्रसन्न' ही अक्षरं, सव्वादोन तास, तीच. मुलगा मागे झोपून गेला, बायकोने डब्यातल्या पुऱ्या गाडीतच काढल्या आणि यू-टर्न मारायला जागा मिळेपर्यंत दीड वाजला. तेव्हापासून आमच्या घरी नियम झालाय की ज्या जागेचं रील तीनदा दिसलं तिथे रविवारी जायचं नाही. मग जायचं कुठे, तर कुठेच नाही, नुसतं रस्त्यावर. सकाळी लवकर निघायचं, शंभरेक किलोमीटरचा फेरा मारायचा, मधे एक चहा एक नाश्ता आणि दुपारच्या जेवणाला घरी.

चारपाच वर्षं हे चाललंय, आता असे फेरे शोधायची एक पद्धत बसलीये ती सविस्तर सांगतो. उदाहरणं सगळी पुण्याची आहेत कारण मला तेच माहितीये, पण नाशिक, कोल्हापूर, ठाण्याच्या लोकांनी आपापले डोंगर आणि धरणं घालून वाचलं तरी चालेल.

आधी तोंड ठरवा

लोक आधी ठिकाण ठरवतात आणि मग शहरातून बाहेर पडता पडता अर्धा मूड घालवतात. माझं उलटं आहे. पुण्यातून बाहेर पडायची मोजकी तोंडं आहेत: पश्चिमेला चांदणी चौक, नैऋत्येला सिंहगड रोड, दक्षिणेला कात्रज, त्याच्या बाजूला कोंढव्यातून बोपदेव घाट, मग हडपसरवरून दिवे घाट, आणि वर देहूरोडकडे जुना मुंबई हायवे. वाघोली आणि चाकण ही पण तोंडं आहेत पण तिकडे कंटेनर आणि ट्रकच्या मधून वाट काढण्यात काय आनंद, ती मी सोडूनच देतो.

नियम एवढाच की शहर ओलांडायचं नाही. कोथरूड-बावधनवाल्याने चांदणी चौकातून निघावं, हडपसरवाल्याने दिवे घाट चढावा. एकूण वेळेतला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त वेळ सिग्नलवर जाणार असेल तर तो फेरा आपला नाही, कितीही सुंदर असला तरी. (चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, नवीन रचना झाली, ट्रॅफिक खरंच कमी झालं, पण तिथले रॅम्प अजून मला पाठ नाहीत. एकदा मुळशीला निघालो आणि परत कोथरूडमध्येच उतरलो. बोर्ड वाचत हळू जा.)

मग मॅप उघडा आणि पाणी बघा

आपल्या घरापासून सरळ रेषेत ४०-४५ किलोमीटरच्या आतला भाग स्क्रीनवर आणा आणि टेरेनचा लेयर लावा. आता रस्त्यांकडे लगेच बघू नका. आधी निळं काय काय दिसतंय ते बघा: खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मुळशी, पवना, भाटघर. पुण्याच्या पश्चिमेला एवढी धरणं आहेत की जवळजवळ प्रत्येक खोऱ्यात एक निळा तुकडा सापडतोच. आणि धरणाच्या कडेने जाणारा रस्ता बहुतेक वेळा मस्त असतो कारण तो पाण्याच्या वळणाने वळतो.

नंतर डोंगराच्या रेषा बघा. जिथे त्या दाट होतात आणि रस्ता त्यातून नागमोडी जातो तिथे घाट आहे. दोन खोऱ्यांच्या मधली जी डोंगराची धार असते ती ओलांडणारा छोटा घाट शोधा, हेच खरं घबाड. मोठे घाट सगळ्यांना माहीत असतात, पण एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात नेणारे हे छोटे घाट फक्त त्या गावातल्या लोकांचे आणि आपल्यासारख्या रिकामटेकड्यांचे.

अजून एक खूण रस्त्यावरच मिळते. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर ग्रामसडक. मला स्वतःला काळं-केशरी डोकं दिसलं की बरं वाटायला लागतं.

फेरा व्हायलाच हवा

जाताना एक रस्ता, येताना दुसरा. त्याच रस्त्याने परत यायचं म्हणजे निम्मी मजा गेली, आणि दुसरं म्हणजे जो रस्ता एखाद्या किल्ल्यावर, रिसॉर्टवर किंवा धबधब्यावर जाऊन संपतो त्या रस्त्यावर जाणारे आणि येणारे सगळे एकाच वेळी अडकतात. सिंहगडाचा घाटरस्ता त्याचं उत्तम उदाहरण, गडाबद्दल कितीही प्रेम असलं तरी रविवारी दहा वाजता त्या रस्त्यावर गाडी घालू नका.

फेऱ्याची दिशा पण विचार करून ठरवा. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे पाणी किंवा दरी डाव्या हाताला असेल तर दृश्य जवळ येतं आणि थांबायचं झालं तर रस्ता ओलांडावा लागत नाही. हे गणित चांगलं आहे पण गर्दीचं गणित त्याच्याहून मोठं, गर्दीचा तुकडा सकाळी आठच्या आत संपवायचा आणि परत येताना हायवे घ्यायचा, भले मग पाणी उजवीकडे येवो.

उन्हाचं सांगायचं राहिलं. आपले डोंगर पश्चिमेला आहेत, त्यामुळे सकाळी तिकडे जाताना सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या डोंगरांवर छान प्रकाश पडलेला असतो. तेच संध्याकाळी गेलात तर सूर्य थेट डोळ्यात आणि डोंगर नुसते काळे. म्हणून 'चार वाजता चहा पिऊन निघू' हा बेत पश्चिमेकडे करू नका, तो पूर्वेला सासवडकडे चालतो.

रस्ता आहे की नुसती रेघ आहे

ही पायरी मी एकदा टाळली आणि पस्तावलो. सॅटेलाइटवर पौडच्या बाजूला दोन वाड्यांना जोडणारी छान तपकिरी रेघ दिसली, मी खूश, त्यावरून गेलं की वीस किलोमीटरचा वळसा वाचत होता. जुलैचा महिना. प्रत्यक्षात ती बैलगाडीची वाट होती, दोन्ही बाजूला भातखाचरं, आणि तिसऱ्या मिनिटाला पुढचं डावं चाक चिखलात. लावणी चालली होती, एक काका गुडघाभर पाण्यातून बाहेर आले, काही न बोलता ट्रॅक्टर आणला, साखळी लावली, गाडी काढली. पैसे घेतले नाहीत. फक्त विचारलं, "इकडं कुटं निघाला व्हता?" मी म्हटलं कुठे नाही, असंच फिरायला. ते म्हणाले, "मंग फिरला की."

तर आता हे तपासतो. पहिली गोष्ट, त्या रस्त्याने एसटी किंवा पीएमपीची बस जाते का. लाल डबा जिथे जातो तिथे आपली कार डोळे झाकून जाते, याच्याइतकी खात्रीची चाचणी मला दुसरी सापडलेली नाही. दुसरी, त्या रस्त्यावरच्या एखाद्या देवळाचे किंवा हॉटेलचे मॅपवरचे फोटो उघडायचे आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले आहेत का ते बघायचं, त्यात बाजूला उभ्या असलेल्या गाड्या कुठल्या आहेत तेही बघायचं, सगळ्या जीप आणि बाईक असतील तर समजून जा. तिसरी, शेवटच्या मोठ्या गावात चहा प्यायला थांबायचं आणि टेम्पोवाल्याला विचारायचं. "रस्ता चांगलाय का" असं विचारू नका, तो चांगलाच म्हणणार. "पुढे काम चालूये का, पूल झालाय का, तुम्ही शेवटचे कधी गेला होता" असं विचारा.

आणि ऑफलाइन मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा. दोन डोंगरांच्या मधे नेटवर्क जातं म्हणजे जातंच, आणि ते नेमकं तिठ्यावर जातं.

कधी जायचं

पुणे शहरात वर्षाला साधारण ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि पन्नास-साठ किलोमीटर पश्चिमेला ताम्हिणीत त्याच्या कितीतरी पट. पूर्वेला सासवडच्या पुढे तर पावसाची छायाच. म्हणजे एकाच शहराच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू मिळतात, हे वापरून घ्या. जून-जुलैच्या जोरदार पावसात मी उलट पूर्वेला जातो, तिकडे हलकी भुरभुर आणि नुकतंच हिरवं व्हायला लागलेलं माळरान असतं, रस्तेही शाबूत असतात. पश्चिमेला खरं जावं सप्टेंबरमध्ये, गणपती झाले की. पाऊस उघडझाप करतो, धरणं भरलेली असतात, भात पोटरीला आलेलं असतं आणि घाटाच्या कडेला सोनकीची पिवळी फुलं आणि तेरडा. तोपर्यंत रीलवाली गर्दीही ओसरते. ऑक्टोबरचं ऊन नकोसं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुकं खोऱ्यात बसलेलं असतं आणि आपण घाटात त्याच्या वर, ते बघायचं तर सात वाजता वर पोचलेलं असलं पाहिजे. मेमध्ये करवंदं-जांभळं घेऊन बसलेल्या मावश्या आणि धरणाचा उघडा पडलेला तळ, दहानंतर मात्र भाजून निघाल.

भर पावसात एक काम न चुकता करा, निघायच्या आदल्या रात्री जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश बघा. धबधबे, धरणं, काही घाट यांच्यावर पावसाळ्यात बंदी येते आणि दरड पडून रस्ते बंद होतात, भोरच्या पुढचा वरंध घाट तर जवळजवळ दर पावसाळ्यात बंद असतो. आणि गावातल्या जुन्या पुलांवर फोटोला थांबू नका. जून २०२५ मध्ये इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि माणसं गेली.

वेळेचं म्हणाल तर सहाला गाडीचं चाक फिरलं पाहिजे. साडेसहा म्हणजे उशीर, साडेसात म्हणजे झोपा. मंगळवार-बुधवारची सुट्टी मिळत असेल तर तुम्ही नशीबवान, मग आठला निघालात तरी चालेल.

एक फेरा नीट सांगतो: पाबे घाट

वरची सगळी गणितं ज्यात बसतात असा हा फेरा. स्वारगेट धरलं तर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, थांबत थांबत चार-साडेचार तास.

सिंहगड रोडने सरळ खडकवासला. सहाला निघालं की सव्वासहा-साडेसहाच्या मधे कधीतरी धरणाच्या भिंतीपाशी येतो, स्वारगेटवरून की धायरीवरून निघालात त्यावर आहे. आई बरोबर असली की इथे तिचं सुरू होतं, १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मग खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठच्या पेठांमधलं पाणी कुठवर आलं होतं. दरवेळी तेवढंच सांगते आणि दरवेळी आम्ही तेवढेच गप्प होऊन ऐकतो. चौपाटीवर सकाळी कणसं-भजीवाले आलेले नसतात, फक्त सायकलवाले असतात, खूप असतात, त्यांना दीड मीटर जागा सोडून ओलांडा आणि हॉर्न वाजवू नका.

पुढे पाणी उजव्या हाताला धरून जायचं. डोणजे फाट्याला सिंहगडाच्या गाड्या डावीकडे वळतात आणि एकदम रस्ता मोकळा होतो. खानापूरला सरळ पानशेत, आपण डावीकडे, पाबे-वेल्ह्याच्या बाजूला. इथे शेवटचा चहा घ्या. पेट्रोल, हवा हे सगळं शहरातच झालेलं असलं पाहिजे, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका.

मग घाट चढायला लागतो. अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, पण लांब नाही. खिंडीत पोचलात की बाजूला घेऊन गाडी बंद करा, इंजिन बंद झाल्यावरच तिथला वारा ऐकू येतो. मागे वळून बघितलं तर सिंहगड, टॉवरमुळे ओळखायला अवघड नाही. पुढे बघितलं तर उजवीकडे तोरणा, अवाढव्य, १४०३ मीटर, आणि समोर राजगड, बालेकिल्ल्याच्या टेपराने पटकन कळतो. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीतले तीन मोठे किल्ले एका जागी उभं राहून दिसतात आणि याच्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही, ट्रेकवाल्यांना हे ऐकून राग येतो पण गुडघे दुखणाऱ्या आईला हे दुसरीकडे कुठे दाखवणार.

खिंडीतून उतरलं की पाबे. तिथून उजवीकडे वेल्हे, तोरण्याचा पायथा, वाटलं तर जाऊन या. फेऱ्यासाठी आपण डावीकडे, विंझर-मार्गासनीवरून नसरापूर. हा तुकडा सगळ्यात निवांत आहे, दोन्हीकडे शेती, राजगड बराच वेळ उजव्या खिडकीत बरोबर चालत राहतो. मार्गासनीच्या आसपास पोह्यांच्या एखाद्या टपरीवर नाश्ता करा, पोहे संपलेले असले तर वडापाव, मेनू वाचत बसायची वेळच येत नाही.

नसरापूरला बनेश्वर आहे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं शंकराचं देऊळ, भोवती गर्द झाडी आणि मागे ओढ्यावर छोटा धबधबा. अर्धा तास द्या. पुढे चेलाडी फाट्याला सातारा हायवे लागला की मजा संपली, खेड शिवापूरचा टोल, कात्रजचा बोगदा आणि घर. साडेदहा-अकरापर्यंत तुम्ही पुण्यात शिरत असता आणि समोरच्या लेनमध्ये बाहेर पडणाऱ्यांची रांग लागलेली असते. त्या रांगेकडे बघून जे समाधान मिळतं ते मी नाकारणार नाही.

अजून दोन, पटकन

कोळवणचा फेरा: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मग उजवीकडे कोळवण खोरं, तिकोना पेठ, पवनानगर, कामशेत आणि जुन्या हायवेने परत. पिरंगुटपर्यंत गर्दी सहन करा, पौड सोडलं की खोरं उघडतं. तिकोन्याच्या खालून जाताना समोर तुंग दिसतो आणि पवनेचं पाणी येतं. पवनेच्या काठी कँपिंगचे तंबू आता इतके झालेत की पाणी शोधावं लागतं, म्हणून मी तिथे थांबत नाही.

सासवडचा फेरा: कोंढव्यातून बोपदेव घाट, सासवड, नारायणपूर, मग कापूरहोळला हायवे. नव्वदेक किलोमीटर. सासवडला कऱ्हेकाठचं संगमेश्वर बघाच, सकाळच्या उन्हात तो काळा दगड फार देखणा दिसतो. रस्त्यावर अंजीर आणि सीताफळाचे दिवस असतील तर डिकी मोकळी ठेवून जा. नारायणपूरला दत्ताचं देऊळ असल्याने गुरुवार आणि पौर्णिमा टाळा. पुरंदरावर जायचं असेल तर तो लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं आणि संध्याकाळी लवकर खाली उतरवतात. बोपदेवला अंधार पडल्यावर गाडी लावून उभं राहू नका, तो भाग तेव्हा सुनसान असतो.

घाटात गाडी चालवताना

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाहीये, नियम आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा बहुतेक. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्यात आपण नको. सारखा ब्रेक दाबत आलात तर जळका वास येतो, मला पाबेच्याच उतारावर आला होता, मला वाटलं बाहेर कोणीतरी कचरा जाळतंय. तसा वास आला की थांबा, वीस मिनिटं चाकं थंड होऊ द्या, वरून पाणी ओतू नका. ऑटोमॅटिक असेल तर डीवर सोडून देऊ नका, मॅन्युअल किंवा एल मोड कशासाठी दिलाय.

धुक्यात लो बीम. चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावले की मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय कळत नाही. आंधळ्या वळणावर छोटा हॉर्न, एकदाच. पोरांना घाटाच्या आधी तेलकट खायला घालू नका, आलेपाकाच्या वड्या पुढच्या कप्प्यात ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्याही ठेवा, का ते विचारू नका.

घरी आल्यावर

हे कोणी करत नाही पण याचाच सगळ्यात उपयोग होतो. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवलीये. त्यात तारीख, किती वाजता कुठे होतो, रस्ता कुठे खराब, पोहे कुठे चांगले, बाथरूम कुठे स्वच्छ एवढंच लिहितो. आणि जाताना जे फाटे दिसले पण घेतले नाहीत त्यांची नावं शेवटच्या पानावर. पुढचा फेरा त्या पानातून निघतो, मॅपवरून शोधायची गरजच पडत नाही. सध्या तिथे सात नावं आहेत, त्यातल्या पौडच्या बाजूच्या एकापुढे मुलाने पेन्सिलने ट्रॅक्टर काढून ठेवलाय.